फळ्या जोडायच्या आहेत, शिकंजे कोणते घेऊ?

प्रश्न: काका, आमचा मानवतचा जुना वाडा दोन वर्षांपूर्वी उतरवला. त्यातल्या सागवानी तुळया चिरून पाच-सव्वापाच इंच रुंदीच्या फळ्या काढल्या आहेत, रंधून एक इंच जाडी भरेल. त्यांचं जेवणाचं टेबल घरीच करायचं मनात आहे. वरचा फळा पाच फूट लांब आणि अडीच फूट रुंद, म्हणजे सहा फळ्या जोडाव्या लागतील. जो तो पॅरलल क्लॅम्पच घ्या म्हणतो, पण तसले चार घेतले तर सगळं बजेट तिथंच संपतं. बाजारात पाइपाचे, टी-बारचे, एफ क्लॅम्प, अ‍ॅल्युमिनियमचे, सगळेच दिसतात. कोणते घेऊ आणि किती?
(एक शिक्षक, परभणी)

उत्तर: सर, तुम्ही फळ्या आवळून धरायच्या शिकंज्याचं, म्हणजे क्लॅम्पचं विचारलंत आणि मी आधी रंध्याचं विचारणार आहे, राग मानू नका. फळ्यांच्या कडा कशाने सरळ करणार आहात? वखारीतून चिरून आल्या तशाच सांधायच्या असतील तर कुठलाही शिकंजा तुमच्या कामाचा नाही. उलट शिकंजा जेवढा तगडा, तेवढं नुकसान मोठं.

हे मी हात पोळून घेऊन सांगतोय. १९८७ साली नांदेडहून काम शिकून परत आलो होतो, दुकान टाकून चार महिने झाले असतील. एका संस्थेच्या बैठकीच्या टेबलाचं काम मिळालं. सात फुटी फळा, पाच फळ्या. त्यातल्या दोन फळ्यांमधे टोकाकडे सूतभर फट राहत होती. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या धंद्यात मिलिमीटर अजून पाहुण्यासारखाच येतो.) परत रंधा मारायचा कंटाळा आला. शिकंजे नवे होते, अंगात जोर होता. मुठीला दोन फुटी नळी अडकवून आवळलं, फट गेली, मी खूश. सकाळी सोडून बघतो तर फळा पालथ्या परातीसारखा. मधोमध खडू ठेवला की घरंगळत कडेला जायचा. तरी रंधून, घासून सपाट करून दिला. पुढच्या मे महिन्यात भर दुपारी, बैठक चालू असताना, तोच सांधा टोकाकडून फाटकन सुटला. चहाच्या कपबशा वाजल्या म्हणे. टेबल फुकटात नवं करून द्यावं लागलं. शिकंज्याने फट मिटवलीच नव्हती, फळी वाकवून धरली होती. वाकवलेलं लाकूड आज ना उद्या सरळ व्हायला बघतंच.

तेव्हा डिंक लावायच्या आधी, कोरड्या फळ्या नुसत्या हाताने दाबून सांधा मिटला पाहिजे. आमचे नांदेडचे उस्ताद खिडकीकडे तोंड करून एका फळीच्या कडेवर दुसरी उभी धरायचे आणि मधून उजेड येतो का बघायचे. केसाएवढा दिसला तरी हुकूम ठरलेला, “और दो हाथ मार.” दुसरी परीक्षा याहून सोपी आहे. खालची फळी व्हाइसमधे (बाकाला बसवलेल्या पकडीत) उभी धरा, वरची तिच्या कडेवर ठेवा आणि वरचीचं एक टोक बोटाने हलकं ढकला. ती मधल्या ठिकाणावर भिंगरीसारखी फिरली तर मधे उंचवटा आहे, तो काढायलाच हवा. दोन्ही टोकांवर घासत, नको नको म्हणत सरकली तर टोकं टेकलेली आहेत, मग चालेल. मी तर मधे कागदाएवढी पोकळी मुद्दाम ठेवतो. फळीची टोकं आधी सुकतात आणि आधी आखडतात, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात सांधा सुटतो तो बहुतेक टोकाकडूनच. मधे कागदभर पोकळी असली की मधला शिकंजा आवळल्यावर टोकं एकमेकींवर जास्त दाबून बसतात. पण पाच फुटात कागदभरच. सूतभर ठेवाल तर माझं सत्त्याऐंशीचं टेबल तुमच्या घरी येईल.

कडेवर रंधा तिरका पडतो ही तक्रार सगळ्यांचीच. त्यासाठी ज्या दोन कडा भिडणार आहेत त्या दोन फळ्या पुस्तकासारख्या मिटवायच्या, कडा वर करून व्हाइसमधे एकत्र धरायच्या आणि दोन्हींवरून एकदमच रंधा फिरवायचा. रंधा थोडा कलला तरी एका फळीतला कल दुसरी भरून काढते आणि पुस्तक उघडलं की फळा सपाट येतो. कुठली कड कुणाशी भिडणार ते आधी पेन्सिलीने लिहून ठेवा. नंतर सहा फळ्या सारख्याच दिसतात. आणि वाड्याचं लाकूड आहे, तर रंध्याआधी लोहचुंबक फिरवा. जुन्या तुळईत मोडलेली चूक (बारीक खिळा) बरोबर रंध्याच्या पात्याचीच वाट बघत बसलेली असते.

आता शिकंजे. तुमच्या कामाला पाऊण इंची पाइपाचे घ्या. दुकानात पुढचं स्क्रूचं डोकं आणि मागचा सरकता जबडा असा जोड मिळतो, नळी आपली आपण घ्यायची. नळफिटिंगच्या दुकानात जाऊन ‘पाऊण इंची काळी नळी, बी क्लास’ असं म्हणा. नळीवर रंगाची पट्टी असते. पिवळी म्हणजे हलकी ए क्लास, निळी म्हणजे मधली बी, लाल म्हणजे जाड सी. पिवळी नको, तिची भिंत पातळ. जस्ताचा मुलामा दिलेली जीआय नळीही चालते, पण तिच्यावर मागचा जबडा कधीकधी घसरतो, काळीवर घट्ट चावतो. अर्धा इंची जोड स्वस्त दिसतो, पण अडीच फुटाच्या फळ्याला ती नळी धनुष्यासारखी वाकते. अख्खी नळी साधारण वीस फुटी येते. चार-चार फुटाचे पाच तुकडे करा आणि तिथंच दोन्ही टोकांना आटे पाडून घ्या. डोक्याला एकाच टोकाचे आटे लागतात, पण दुसऱ्या टोकालाही असले तर पुढे कधी कपलिंग टाकून दोन नळ्या जोडता येतात आणि दिवाणाच्या फळीला पुरेल असा आठ फुटी शिकंजा तयार होतो. डोकं परदेशी बनावटीचं मिळालं तरी बिचकू नका. पाऊण इंचात अमेरिकी आणि आपल्या, दोन्ही मापांत इंचाला चौदाच आटे असतात. आट्याच्या कोनात थोडा फरक आहे, पण आपल्याला नळीतून पाणी न्यायचं नाही.

पॅरलल क्लॅम्प वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. कितीही आवळला तरी त्याचे जबडे काटकोनात राहतात, आणि दाराची चौकट, ड्रॉवर, कपाटाचं खोकं सांधताना त्याच्यासारखा सोबती नाही. पण सपाट फळ्याला तो चैनीचा आहे. एका पॅरललच्या पैशात पाइपाचे तीन जोड तरी येतील, आणि फळ्याला एका भारी शिकंज्यापेक्षा तीन साधे कधीही बरे. टी-बार म्हणाल तर माझ्या दुकानात आठ आहेत आणि रोज लागतात. टी आकाराच्या पट्टीमुळे ते वाकत नाहीत. पण वजनाला भरपूर, आणि एका टेबलासाठी घेतले तर पुढे पलंगाखाली पडून राहतील. अ‍ॅल्युमिनियमचे पोकळ असतात, जोरात आवळले की बांगडीसारखे लवतात. पोकळीत बेताची लाकडी पट्टी ठोकून बसवली तर बरे होतात, तरी एवढ्या फळ्याला मी वापरणार नाही. इंग्रजी एफ अक्षरासारखे दिसणारे एफ क्लॅम्प दोन मात्र घ्या, फळा ओढायला नाही, कशाला ते पुढे सांगतो.

किती हवेत, याचा हिशेब लोक डोळ्याने करतात, तो जरा आकड्याने करून बघू. सांधा साठ इंच लांब, एक इंच जाड, म्हणजे साठ चौरस इंच. सागवानासारख्या मध्यम लाकडाला पांढऱ्या डिंकाच्या सांध्यावर दर चौरस इंचाला सव्वाशे ते पावणेदोनशे पौंड दाब चांगला मानतात. दीडशे धरला तर झाले नऊ हजार पौंड. अंगात जोर असलेला माणूस पाऊण इंची पाइपाच्या शिकंज्याने हजार पौंड, म्हणजे साडेचारशे किलोच्या आसपास दाब सहज आणतो. मग नऊ शिकंजे लागले. (फळ्या सहा आहेत म्हणून सांध्यांच्या संख्येने गुणू नका. एकच दाब एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाचही सांध्यांतून जातो.) खरं सांगायचं तर कडा नीट रंधलेल्या असतील तर मी पाच फुटाला पाचावरही भागवलं आहे आणि ती टेबलं अजून उभी आहेत. तुम्ही पाच विकत घ्या आणि ओळखीच्या मिस्त्रीकडून दोन एका रात्रीपुरते मागून आणा. सात झाले की प्रत्येकात आठ-नऊ इंचाचं अंतर पडतं.

शिकंज्याचा जबडा थेट फळीला लावू नका, खळगा पडतो. मधे दोन्ही कडांना तीन इंच रुंदीची सरळ पट्टी धरा. दाब जबड्यापासून दोन्ही बाजूंना साधारण पंचेचाळीस अंशात पसरत जातो. पट्टी जेवढी रुंद, तेवढा तो सांध्याशी पोचेपर्यंत जास्त फाकतो आणि शिकंजे थोडे कमी असले तरी निभतं. पट्टीला खाली पॅकिंगची टेप चिकटवा, नाहीतर तीही टेबलाचाच भाग होऊन बसेल.

चार शिकंजे खाली, तीन वर, एकाआड एक. हे शोभेसाठी नाही. सगळे खालीच लावले तर आवळताना नळ्या वाकतात, जबडे वरून उघडतात, दाब फळीच्या खालच्या कोरेवर जातो आणि फळा मधोमध वर उचलतो. वरचे शिकंजे त्याला उलटा ताण देतात. आणि फळी नळीवर तशीच टेकवू नका. खाली पट्ट्या देऊन एवढी उचला की स्क्रूचा मध्य फळीच्या जाडीच्या मध्यावर येईल. ही एक गोष्ट सांभाळली की निम्मं वाकणं तिथंच थांबतं. मी तर स्क्रूसमोर नजर आणून, गुडघ्यावर बसून बघतो. बायको म्हणते नमाज पढताय का.

डिंक लावायच्या आधी सगळं एकदा कोरडं आवळून, सोडून बघा. सागवान तेलकट असतं, आणि तुमचं तर चुलीच्या धुरात मुरलेलं. कडा ताज्या रंधा, त्याच दिवशी सांधा, आणि डिंकाच्या अगदी आधी थिनरच्या फडक्याने पुसून वाळू द्या. सहा फळ्या एका दमात घेऊ नका. आज तीनचा एक फळा, उद्या तीनचा दुसरा, परवा मधला सांधा. एप्रिल-मेमधे आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत डिंकावर पाच मिनिटांत साय धरते, म्हणून सकाळी सहाला सुरू करा आणि पंखा बंद ठेवा. मधला शिकंजा आधी, मग टोकांकडे. टोकाला दोन फळ्या वरखाली सरकत असतील तर तिथं सांध्यावर टेप लावलेले दोन लाकडी तुकडे खालून-वरून धरून एफ क्लॅम्प लावा. हे त्याचं खरं काम. सांध्यातून मोत्यांच्या सरीसारखे थेंब सगळीकडून सारखे आले की थांबा. ओघळ वाहायला लागले तर डिंक जास्त झालाय, आणि एखाद्या हातभर जागेत काहीच आलं नाही तर तिथं कड बसलेली नाही, ताबडतोब सोडून बघा. बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने पुसू नका. तो लाकडाच्या रंध्रात जातो आणि पॉलिश मारल्यावर तिथं पांढुरके डाग दिसतात. पाऊण तासाने रबरासारखा झाला की पटाशीने सोलून काढा. शिकंजे मात्र रात्रभर राहू द्या.

टेबलाच्या चौकटीला हा फळा चारही बाजूंनी स्क्रूने जाम करू नका. अडीच फुटी सागवानी फळा भर पावसाळा आणि भर उन्हाळा यांत रुंदीला सूत-दीड सूत कमीजास्त होतो. चौकटीतली भोकं लांबट ठेवा म्हणजे तो सरकू शकेल. लांबीला तो जवळजवळ हलत नाही.

प्रश्न: मी घरच्या गच्चीवर हौस म्हणून पाट आणि पोळपाट करते. बाभळीच्या तीन फळ्या जोडून पोळपाट केला. दुसऱ्या दिवशी शिकंज्याची नळी जिथं जिथं टेकली होती तिथं काळ्या-निळ्या रेघा उमटल्या. शिकंजा खराब होता की लाकूड? आणि एवढ्याशा कामाला कुठले शिकंजे बरे?
(एक वाचक, लातूर)

उत्तर: ताई, दोन्ही चांगले आहेत, फक्त त्यांची गाठ पडायला नको होती. बाभळीच्या सालीने कातडं कमावतात हे आपल्याकडे जुन्या माणसांना ठाऊक आहे. तो तुरट कस, म्हणजे टॅनिन, लाकडातही असतो. ओल्या डिंकाचं पाणी आणि लोखंड त्याला भेटलं की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि लोखंड घालून पूर्वी शाई करायचे, तुमच्या पोळपाटावर तीच शाई उमटली. सागवानावरही होते, जरा फिकी.

रेघा सहसा वरवर असतात. रंध्याचे चार हात किंवा लाकूड गुळगुळीत करायची पत्री मारली की जातील. लोखंडाचे डाग काढायला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड वापरतात, पण ते विषारी असतं. दाराच्या चौकटीला ठीक, पोळपाटाला मी हात लावू देणार नाही. पुढच्या वेळी नळी आणि फळी यांच्यामधे वर्तमानपत्राची घडी किंवा दुधाच्या पिशवीची पट्टी टाका, किंवा नळीलाच खोक्याची टेप गुंडाळून ठेवा.

तुमच्या मापाला पाइपाची गरजच नाही. वरती मी एफ क्लॅम्प फळा ओढायला नको म्हटलं ते अडीच फुटासाठी. बारा इंची पोळपाटाला अठरा इंची तीन एफ क्लॅम्प, दोन खाली एक वर, भरपूर झाले. जबड्यावरची प्लास्टिकची टोपी काढू नका. डिंक पाण्याला टिकणारा, मरीनवाला घ्या, कारण पोळपाट रोज धुतला जातो. आणि धुतल्यावर तो उभा ठेवून वाळवा, ओट्यावर आडवा नको. एक बाजू ओली, एक कोरडी राहिली की शिकंजा कितीही चांगला असो, पोळपाट डुगडुगणारच. मग पोळी लाटताना त्याच्या खाली रुमालाची घडी घालावी लागते. आमच्या घरी आहे असा एक, मीच केलेला.

प्रश्न: मी आयटीआयला सुतारकाम शिकतो. गावी छोटं काम सुरू करायचं आहे, पण शिकंज्यांना पैसे नाहीत. शिकंज्याशिवाय फळा जोडता येतो का?
(एक विद्यार्थी, हिंगोली जिल्हा)

उत्तर: येतो की. शिकंजे बाजारात यायच्या आधी दारं काय बिनफळ्यांची होती? पाचर वापर.

बाभळीची किंवा कडुलिंबाची दोन बाय तीन इंची, चार फूट लांब, सरळ रीप घे. एका टोकाला वर ठोकळा स्क्रूने आणि डिंकाने पक्का बसव. दुसऱ्या टोकाला तसाच ठोकळा, पण मधलं अंतर तुझ्या फळ्याच्या रुंदीपेक्षा तीन-चार इंच जास्त. त्या उरलेल्या जागेत एक पट्टी आणि एकमेकींच्या विरुद्ध तोंडाच्या दोन पाचरी बसवायच्या. पाचर फूटभर लांब, एका टोकाला दोन इंच, दुसऱ्या टोकाला अर्धा इंच, म्हणजे आठास एक उतार. याहून बराच जास्त उतार दिलास तर ठोकलेली पाचर मागे सरकते. दोन हातांत दोन हातोड्या घे आणि दोन्ही पाचरींच्या जाड टोकांवर समोरासमोर सारख्या ठोक. एकीलाच ठोकलंस तर फळा तिरपा सरकेल. अशा चार रिपा कर, दोन फळ्याखाली, दोन वरून उलट्या. फळा आणि रीप यांच्यात वर्तमानपत्र घालायला विसरू नकोस. जबरदस्त दाब येतो, शिकंज्याला मागे टाकेल असा. म्हणून वर सरांना रंध्याबद्दल जे सांगितलं ते तूही वाच.

दोरीचीही सोय आहे. कडब्याची गाडी भरल्यावर दोरात दांडकं घालून पीळ देतात, तो पाहिलाच असशील. फळ्याभोवती दुहेरी दोर, कडांना पट्ट्या, मधे दांडकं आणि पीळ. नायलॉनचा दोर ताणतो, सुती किंवा अंबाडीचा बरा. पण दोर मला हलक्या कामालाच पटतो, पाटाला किंवा खुर्चीच्या पायांना.

माझे वडील बलुत्यावर गाड्या, तिफणी, वखरं करायचे. त्यांच्याकडे लोखंडी शिकंजा एकही नव्हता, आणि तरी सगळ्यात मोठा शिकंजा त्यांनीच मला दाखवला. चाकाची धाव, म्हणजे चाकावर चढवायचं लोखंडी कडं. लोखंडी धाव चाकापेक्षा घेराने बोटभर कमी करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायची, तापली की ती फुगते. तिघंजण सांडशांनी उचलून चाकावर बसवायचे आणि आम्ही पोरं घागरींनी पाणी ओतायचो. वाफ आणि जळक्या लाकडाचा वास कोंदायचा, आणि आतून कडकड आवाज यायचा. ते आरे (चाकातल्या दांड्या) तुंब्यात (चाकाच्या मधल्या ओंडक्यात) रुतत असायचे. थंड होत जाणारी धाव चाकातला प्रत्येक सांधा आत ओढायची. डिंकाचा थेंब नाही, खिळा नाही. वडील चाकाला कान लावून ऐकायचे. एखाद्या आऱ्यातून आवाज आला नाही तर म्हणायचे, हा ढिला बसला. बऱ्याचदा खरं निघायचं.

तू धाव करायला जाऊ नकोस. चार रिपांच्या पाचरींवर पहिली चार कामं काढ, त्या पैशात पाइपाचे दोन जोड घे. दोन आणि दोन पाचरी, चालतं.

प्रश्न: फळा चांगला सपाट रंधून, पत्री मारून पॉलिश केला. दोन-तीन आठवड्यांनी सांध्यांवरून बोट फिरवलं तर प्रत्येक सांध्यावर बारीक खाच लागते. शिकंजे कमी पडले का?
(एक वाचक, उदगीर)

उत्तर: शिकंज्यांचा दोष नाही. तुम्ही घाई केली. डिंकातलं पाणी सांध्याजवळच्या लाकडात शिरतं आणि तेवढी रेघ फुगते. शिकंजे सोडल्या सोडल्या रंधा मारला की तो फुगीर भाग कापला जातो. नंतर पाणी उडून गेलं की तिथलं लाकूड आखडतं आणि खाली बसतं, म्हणून खाच. शिकंजे सोडल्यावर फळा दोन्ही बाजूंनी हवा लागेल असा, पट्ट्यांवर, सावलीत ठेवा. उन्हाळ्यात तीन दिवस, पावसाळ्यात आठवडा. मग रंधा. आत्ताच्या फळ्यावरचं पॉलिश खरवडून पुन्हा एकदा हलका रंधा मारलात तर खाच परत येणार नाही, लाकूड आता मूळ जागी बसलेलं आहे.